चोचीतलं स्वयंपाकघर

आमच्या मंचरच्या स्वयंपाकघरात सूर्य गावाच्या आधी मावळायचा.

हे वाक्य मी बायकांच्या घोळक्यात टाकते आणि गप्प बसते. कोणीतरी विचारतंच, "म्हणजे हो काय?" मग मी पाय दुमडून घेते, पदर सावरते आणि सुरू करते. दर खेपेला माझे हातवारे वाढतात आणि ते स्वयंपाकघर आणखी लहान होतं, असा घरातल्यांचा आरोप आहे. हातवाऱ्यांचं मला मान्य. स्वयंपाकघर मात्र होतं त्याहून लहान होणं शक्यच नव्हतं. आणि आज हसत सांगत असले तरी त्या हिवाळ्यात मी हसत नव्हते. माझी पहिली मुलगी तीन महिन्यांची होती आणि माझ्या अंगावरचं दूध आटत चाललं होतं.

आम्ही जैन. सासऱ्यांचे वडील व्यापारासाठी राजस्थानातून जुन्नरला आले आणि इथलेच झाले. घरात सगळे मराठी बोलायचे. सासूबाई तेवढ्या मला 'बिंदणी' अशी हाक मारायच्या. त्यांच्या माहेरकडे सुनेला तसं म्हणतात. जुन्नरचं आमचं स्वयंपाकघर चौकोनी, ऐसपैस, आणि त्याला परसदार होतं. मग दुकान मंचरला हलवायचं ठरलं. जागा बघायला सासरे, माझे यजमान आणि दोन दीर असे चार पुरुष बैलगाडी जोडून गेले आणि हरखून परत आले. दुकानाचं तोंड ऐन बाजाराच्या वळणावर! दोन्हीकडून येणाऱ्या गाड्यांना लांबून दिसणारं! फळी केवढी लांब! चौघांनी मिळून ते दुकान माजघरात आमच्यासमोर उभं केलं. सगळ्यांचं सांगून झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "आणि चूल कुठेशी?"

चौघे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. शेवटी धाकटे दीर म्हणाले, "असेल की मागे."

होती मागे.

बैलगाडी कशी मागच्या अंगाला रुंद आणि जुवाकडे निमुळती होत जाते, तसं ते घर होतं. पूर्वेला रुंद दुकान, मध्ये माजघर, आणि पश्चिमेच्या निमुळत्या टोकाला स्वयंपाकघर. घराच्या दोन बाजूंनी दोन बोळ येऊन तिथे एकमेकांना मिळत होते. आमच्या वाट्याला आला तो त्रिकोण. दारापाशी सहा हात रुंदी, आणि तिथून दोन्ही भिंती एकमेकींकडे सरकत सरकत जिथे भेटायच्या तिथे माझी वीतसुद्धा मावत नव्हती. त्या टोकाला आम्ही चोच म्हणायचो. दोन्हीकडे रहदारीचे बोळ, म्हणून भिंतींना खिडकी नाही. वर मातीचं धाबं. धूर जायला तुळईखाली एक भोक, पण त्यातून धूर जायचा कमी आणि चिमण्यांचा कचरा यायचा जास्त. उजेड यायचा तो माजघराच्या दारातून, आणि माजघर तर छतापर्यंत पोत्यांनी भरलेलं.

आता या त्रिकोणात काय काय बसवायचं होतं ते ऐका. चूल, तिच्यापुढे बसणारीचं तोंड पूर्वेला हवं. पाण्याचे हंडे, गाळलेलं पाणी एकीकडे, न गाळलेलं दुसरीकडे, एकाचा शिंतोडा दुसऱ्यात उडता कामा नये. जातं. जेवायचा पाट. आणि या चारही जागांवर कापडाचा एकेक चांदवा टांगलेला, वरून किडामुंगी अन्नात पडून मरू नये म्हणून. जुन्नरला आमचे चार चांदवे चार ठिकाणी ऐटीत डुलायचे. इथे ते एकमेकांवर चढले. धाबं ठेंगणं, त्याखाली चांदवे, त्याखाली आम्ही. सासूबाई ताठ उभ्या राहिल्या की त्यांचं डोकं कापडात जायचं आणि वरून नुसता आवाज यायचा, "बिंदणी, मीठ कुठे ठेवलंस?"

माझ्या यजमानांना आराखडे काढायची हौस. त्यांनी कोळसा घेतला, जमिनीवर रेघा मारल्या आणि सासूबाईंना सांगितलं, "चूल चोचीत घालू. म्हणजे मधली जागा सगळी मोकळी!"

सासूबाई म्हणाल्या, "चुलीपुढे बसणार कोण? तूच बसून दाखव."

ते बसून दाखवायला गेले. खांद्यापर्यंत आत गेले आणि अडकले. दोघा भावांनी दोन्ही पाय धरून त्यांना बाहेर ओढलं. मी घुंघटाआड ओठ चावून उभी. त्यानंतर चूल दारापाशी घातली गेली, समोर हंडे, पलीकडे जातं, आणि मध्ये उरलेल्या जागेत एक पाट. एकच. म्हणजे एका वेळी एकच माणूस जेवणार.

इथून माझी उपासमार सुरू झाली.

आमच्या घरात दिवस मावळल्यावर जेवत नसत, पाणीही पीत नसत. शिजलेलं अन्न स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून बाहेर नेत नसत. संध्याकाळी आधी सासरे जेवायचे, मग यजमान, मग मधले दीर, मग धाकटे. एक उठला की जमीन पुसायची, पुन्हा ताट मांडायचं, की दुसरा यायचा, तोही गिऱ्हाईक सोडवत नाही म्हणून रमतगमत. त्यांच्यानंतर सासूबाई. त्यांच्यानंतर मी.

सासरे उंबऱ्याबाहेर खाकरायचे. त्यांच्यासमोर मी दिसायचं नाही, अशी रीत. जुन्नरला मी भिंतीआड व्हायचे. इथे आड कुठून आणायची? खाकरल्याबरोबर मी घुंघट ओढून चोचीत घुसायचे. तोंड भिंतीला, गुडघ्यांवर पोळपाट, आणि मागे न बघता लाटलेला फुलका डाव्या हाताने सासूबाईंकडे द्यायचा. सासरे प्रत्येक घास असा चावायचे, जणू त्याची साक्ष घेतायत.

धाकटे दीर जेवून उठले की सासूबाई स्वतःचा तळहात डोळ्यांसमोर धरायच्या. हातावरच्या रेषा दिसल्या तर दिवस, नाही दिसल्या तर रात्र. जुन्नरला हे त्या परसदारात उभ्या राहून बघायच्या. इथे परसदार नव्हतं, म्हणून चुलीपुढेच बघू लागल्या. चुलीपुढे धूर, डोक्यावर चांदवे, आणि उजेड येणार तो पोत्यांच्या आडून.

"मावळला," म्हणायच्या आणि हात जोडायच्या.

काय चुकत होतं ते तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही. आम्ही दोघी त्या वेळी आत कोंडलेल्या. सूर्य कुठवर आलाय हे आम्हाला सांगणार कोण? पुरुष जेवून दुकानात जाऊन बसलेले. बाजारात उन्हं रेंगाळत असायची आणि इकडे आम्ही रात्र झाली म्हणून फुलके झाकून ठेवायचो. सासूबाई माझी समजूत घालायच्या, "पौषातला दिवस, बिंदणी. आखडतोच."

सकाळी एकदा जेवायचं, दुपारी चूल पेटत नसे, आणि संध्याकाळी सासूबाईंनी हात जोडले की दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. पहिले आठ दिवस मी मिरवून घेतलं, मोठी तपस्विनी! मग मुलगी दूध ओढायची, सोडायची, माझ्या तोंडाकडे बघायची आणि किंचाळायची. पुन्हा तोंड लावायची, पुन्हा सोडायची. तिच्या मनगटातली काळ्या मण्यांची मनगटी एक दिवस आपोआप निसटून माझ्या मांडीवर पडली. शेळीचं दूध पाजून बघितलं. ते तिने नाकातोंडातून उलटून टाकलं.

सुईणीला बोलावलं. तिने माझी छाती दाबून बघितली, पोरीची टाळू बघितली आणि सरळ सासूबाईंना म्हणाली, "बाई, हिच्या पोटातच काय न्हाई तर दूध कुठनं यील? दोन येळंला जेवू घाला हिला. न्हाईतर ही पोर संक्रांत बघायची न्हाई."

संक्रांत तीन आठवड्यांवर होती.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. माझ्याइतक्याच त्याही उपाशी राहत होत्या. त्यांनी आपली पाळी मला दिली. पण धाकटे दीर उठेपर्यंतच हातावरच्या रेषा पुसल्या जायच्या. पुरुषांच्या आधी सुनेने बसावं हे माझ्याही तोंडून निघेना, त्यांच्याही. यजमानांनी धीर करून वडिलांकडे खिडकीची गोष्ट काढली. सासरे म्हणाले, "बोळातला येणारा-जाणारा आपल्या सुनेचे घास मोजत जाईल, ते चालेल तुला?" यजमान मुकाट परत आले आणि त्यांनी जमिनीवरचा कोळशाचा आराखडा पायाने पुसून टाकला.

मग मी चोरी केली. मूठभर फुटाणे चोचीत दडवले आणि सासरे जेवत असताना भिंतीकडे तोंड करून एकेक तोंडात टाकू लागले. बाकी सगळं जमलं, पण फुटाणा वाजतो.

सासरे चावायचे थांबले. "उंदीर झालेत वाटतं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानातून लाकडी पिंजरा आला आणि चोचीत ठेवला गेला. उंदीर जिवंत पकडून शेतात सोडायचा म्हणून. आता मला लपायलाही धड जागा उरली नाही, आणि फुटाण्यांचा डबा सासूबाईंनी न बोलता माजघरात नेऊन ठेवला.

त्या पिंजऱ्यापायीच पुढचं घडलं. एका बाजारच्या दिवशी सासूबाईंनी "मावळला" म्हणून हात जोडले आणि मी पिंजरा सरकवायला चोचीत वाकले. भिंत कच्च्या विटांची. दोन्ही भिंती जिथे मिळत होत्या त्या सांध्यातली माती पिंजऱ्याचा कोपरा लागून पडली, आणि माझ्या पिठाने भरलेल्या मनगटावर उन्हाची एक काडी येऊन पडली. चांगली तांबूस, ऊबदार. मी डोळा लावला. समोर दोन्ही बोळ एक होऊन सरळ पश्चिमेला घोड नदीकडे गेले होते, मध्ये आडवं येणारं काही नाही, आणि डोंगरांच्या वर सूर्य आरामात बसला होता.

फटीच्या अगदी पुढ्यात आमची भाजीवाली मेथीच्या उरलेल्या जुड्या बांधत होती. घोडकाठच्या एका वाडीवरची शेतकरीण. दर बाजारी आमच्या बोळात बसायची आणि सासूबाई भाजी घ्यायला आल्या की आमच्या घरात कांदा चालत नाही म्हणून कांद्यांवर फडकं टाकायची, इतकी रीतीची बाई.

"मावशी!" मी हाक मारली.

तिने इकडेतिकडे बघितलं. "कोन गं? भुताटकी हाय का काय?"

"मी, शेठजींची सून. भिंतीतून बोलतेय."

"आता गं बया! चिणलं का काय तुला?"

"मावशी, दिवस मावळला का हो?"

"येडी का खुळी तू? अजून कासराभर दिस हाय! मी घरला जाऊन म्हशीची धार काढीन, मंग मावळंल."

मी सासूबाईंना हात धरून फटीशी आणलं. त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता ताट वाढतील. त्या म्हणाल्या, "बाहेर आहे, बिंदणी. ताटात आहे का? ताटातली मुंगी दिसली पाहिजे. अंधारात जेवलं ते रात्रीच जेवल्यासारखं." आणि डोळे पुसत त्यांनी फुलके झाकले. त्यांचं बोलणं खोडून काढण्यासारखं नव्हतं, हेच तर वाईट होतं. सूर्य होता, दिवस होता, भूक होती, फुलके होते. फक्त सूर्याला चोचीतून ताटापर्यंत यायला वाट नव्हती.

मी पुन्हा फटीला तोंड लावलं. "मावशी, पुढल्या बाजारी येताना खुरपं आणाल?"

"कशापायी?"

मी सांगितलं. मग फटीतून तिचा आवाज आला, "खुरप्यानं काय व्हतंय? पहार आणते."

तो आठवडा मला आठवायला आवडत नाही. मुलीचं किंचाळणं कमी झालं, मग बंदच झालं. घरातले म्हणाले, पोर शहाणी झाली. मी मात्र दर घटकेला झोळीत हात घालून तिचं पोट हलतंय का ते बघत होते.

बाजारचा दिवस उजाडला. तिसऱ्या प्रहरी चारही पुरुष दुकानात, बाहेर गाड्यांचा आणि माणसांचा गलबला. सासूबाईंनी माजघरात वाळूचं घड्याळ उलटं केलं आणि सामायिकाला बसल्या. सामायिक म्हणजे दोन घटका एका आसनावर बसून धर्मचिंतन करायचं. उठायचं नाही, संसाराचं अक्षर बोलायचं नाही. मी याच दोन घटकांची वाट बघत होते. झोळी त्यांच्याजवळ होती. मी आत गेले, पिंजरा बाहेर काढला, मुसळ उचललं आणि फटीतून म्हणाले, "मावशी?"

"हाय मी. बोळात कोन न्हाई. हाण!"

मी हाणलं. बाहेरून पहार, आतून मुसळ. माजघरात सासूबाईंचा नवकार मंत्र चालला होता. पहिल्या घावाला तो थबकला. दुसऱ्या घावाला मोठ्याने सुरू झाला. जसजसे घाव पडत गेले तसतसा त्यांचा आवाज चढत गेला, आणि तो मंत्र इतक्या रागाने म्हटलेला मी आधीही ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. उठता येईना, बोलता येईना! मला रडू येत होतं, आणि त्यातच हसूही फुटत होतं, आणि हात थांबत नव्हते. एक वीट बाहेर पडली, मग दोन आत. मावशी ओरडली, "पाय सांभाळ गं!" आणि गुडघ्यापासून चांदव्यापर्यंतचा सांधाच्या सांधा धप्पकन खाली आला.

धूळ बसेना. तिच्यातून मावशीचं तोंड आत आलं. "दिसली बया एकदाची! ही चूल कोपऱ्यात न्हाई घातली त्ये बरं केलं." मग तिने मागे बघितलं, "आलं कुनीतरी," म्हणाली आणि पाटी उचलून चालती झाली.

मी वळले. उन्हाची पट्टी त्या दोन तिरप्या भिंतींवर घासत, रुंदावत, थेट चुलीपर्यंत गेली होती. तिथल्या राखेचा कण न् कण दिसत होता. घरात सगळ्यांत निरुपयोगी होता तो कोपरा, आणि सूर्याला आत यायला तेवढाच सरळ होता. आज कोणी मला नवं घर दाखवायला नेलं तर मी आधी वाया गेलेल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते, ती खोड तेव्हापासूनची.

वाळू संपली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी भगदाड बघितलं, माझं धुळीने माखलेलं तोंड बघितलं, हातातलं मुसळ बघितलं. मला वाटलं, आता मला माहेरी धाडतील.

त्या हळूच म्हणाल्या, "भिंतीत किती जीव असतील गं? मुंग्या, वाळवी. बघितलं होतंस?"

नव्हतं बघितलं. मी मुसळ टाकलं आणि तिथेच बसले.

त्यांनी मऊ कुंचा आणला आणि एकेक ढेकूळ उचलून, झटकून, खालचे जीव बाजूला सारत सगळं साफ केलं. मला हात लावू दिला नाही. जमीन पुसली, चूल पेटवून फुलके केले, पाट मांडला, ताट वाढून घेतलं. उन्हात धरून दोनदा निरखलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"याचा उपास मी करीन, तीन दिवस. तुला आत्ता परवडायचा नाही. बस."

मी दुसरा घास घेत होते तोच उंबऱ्याबाहेर सासरे खाकरले. सवयीने मी लपायला चोचीकडे धावले, तर तिथे लख्ख ऊन! सासूबाईंनी खांदा दाबून मला परत पाटावर बसवलं आणि दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "आत येऊ नका. बिंदणी जेवतेय."

बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, "आणि मी?"

"पुष्कळ दिवस आहे अजून. थांबा."

भगदाड बघितल्यावर सासरे संतापले, उद्याच्या उद्या बुजवा म्हणाले. सासूबाईंनी जात्यावरचा चांदवा सोडला आणि भगदाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ताणून बांधला. "आता बोळातून बायकांचं तोंड दिसत नाही, आणि वरून ऊन येतं," म्हणाल्या. सासरे दोन्ही बोळांतून फिरून आले, वाकून बघितलं, टाचा उंचावून बघितलं. शेवटी पिंजरा उचलून घेऊन गेले.

रोज संध्याकाळी मी सगळ्यांच्या आधी, उन्हात बसून जेवू लागले. पहिले दोन दिवस काहीच फरक नाही. तिसऱ्या दिवशी छाती जराशी ताठली, मुलीने तोंड लावलं आणि ओढायची ताकद नसल्यासारखं सोडून दिलं. सुईणीने तिच्या ओठांवर कापसाने साखरेचं पाणी टेकवायला सांगितलं. चौथा दिवस तसाच गेला. संक्रांत परवावर आली होती. सासूबाईंनी तीळ निवडायला घेतले आणि तसेच ठेवून दिले.

पाचव्या संध्याकाळी मी हात धुऊन पाटावरच बसून राहिले आणि मुलीला घेतलं. तिने तोंड लावलं. ओढलं, थांबली. पुन्हा ओढलं. आणि मग तिच्या घशात आवाज झाला, गट्‌. पुन्हा गट्‌. मग गट्‌गट्‌ असे लागोपाठ, आणि ओठांच्या कोपऱ्यातून एक पांढरा ओघळ तिच्या हनुवटीवर आला.

चुलीपुढे फुलका उलटायला उचललेला सासूबाईंचा हात तसाच वर राहिला. बाहेर सासरे खाकरले, एकदा, दोनदा. "झालं का?" त्यांनी विचारलं.

तव्यावरचा फुलका जळत होता, तो कोणी उलटला नाही.